ताप आला ती तारीख कालनिर्णयवर लिहा

या महिन्याच्या टपालात ‘मूल जेवत नाही’, जंत आणि दात येणं ही नेहमीची मंडळी आहेतच. ती पुढच्या अंकाला ठेवली. बाकीची पत्रं वेगळ्या आजारांबद्दल आहेत. मी एमडी करत होते तेव्हा ते वॉर्डात रोज दिसायचे. पुढे ते इतके कमी झाले, की आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनी ते पुस्तकातल्या फोटोतच पाहिलेत. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, गालगुंड. हे सगळे परत आलेत आणि मधल्या काळात त्यांना ओळखणारी माणसं कमी झालीत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढून टाकली आहेत.

माझा मुलगा चौदा महिन्यांचा. तीन दिवस ताप, खोकला, नाक गळतंय, डोळे लाल. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सिरप दिलं. आज चौथ्या दिवशी कानामागे आणि कपाळावर पुरळ उठलं. सासूबाई म्हणतात गोवर आहे, औषध देऊ नको, आत जाईल. त्यांनी दाराला कडुलिंब बांधला, फोडणी बंद केली, मनुकांचं पाणी पाजतायत. नवव्या महिन्याची लस राहिली, कारण तेव्हा आम्ही गावी होतो. मोठी मुलगी चार वर्षांची आहे. काय करू? — एक आई, चाकण

ताई, तुम्हाला फोनवर त्याच दिवशी सांगितलं आणि बाळ आता बरं आहे. तरी तुमच्या परवानगीने इथे सविस्तर लिहिते, कारण असंच विचारणारी आणखी तीन पत्रं आली आहेत.

सासूबाईंचं निदान बरोबर होतं. त्यांच्या पिढीने घराघरात गोवर पाहिलाय. पहिल्या डॉक्टरांनाही मी फार बोल लावणार नाही, कारण पहिले तीन दिवस गोवर सर्दी-तापाच्याच वेषात असतो. तरी नीट बघितलं तर तो तिथेही ओळखू येतो. साध्या सर्दीत ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरणीला लागतो आणि पॅरासिटामॉल पोटात गेलं की मूल तासभर तरी खेळतं. गोवरात ताप रोज चढत जातो. मूल मलूल आणि चिडकं होतं, डोळ्यांना उजेड सोसत नाही, खिडकीकडे पाठ करून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी तोंड उघडून टॉर्च मारा. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल जागेवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक या डॉक्टरांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळ आलं की ते लगेच विरून जातात. म्हणजे ते बघायचे तर पुरळाची वाट न बघता बघायला हवेत. कोणी बघतच नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मग पुरळ. कानामागून आणि केसांच्या कडेने सुरू होतं, चेहऱ्यावर येतं, मानेवरून छाती-पोटावर उतरतं, तिसऱ्या दिवशी पायांपर्यंत पोचतं. आणि पुरळ येताना ताप सगळ्यात जास्त असतो. हा क्रम महत्त्वाचा. लहान बाळांना आणखी एक आजार होतो, त्यात तीन-चार दिवस सणसणून ताप येतो, तो उतरतो आणि *मग* अंगावर पुरळ उठतं. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दोन्हींतला फरक आईच्या ‘बरेच दिवस ताप आहे हो’ या वाक्यातून मला कळत नाही. तारखेतून कळतो. म्हणून घरात दूध आणि गॅस सिलिंडर ज्या कालनिर्णयवर टिपता, त्याच चौकोनात लिहा: ताप सुरू. दोन दिवसांनी: डोळे लाल. पुढे: पुरळ, कानामागे. दवाखान्यात येताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणा. माझे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आता उपचार. गोवराच्या विषाणूवर औषध नाही, पण ‘औषध देऊ नये’ हे खरं नाही. एक गोष्ट लगेच द्यायची असते आणि तीच नेमकी राहते: जीवनसत्त्व अ. वर्षापुढच्या मुलाला दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. एक डोस त्याच दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी. गोवरात शरीरातला या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो. डोळ्याचं बुबुळ कोरडं पडून दृष्टी जाऊ शकते आणि आधीच कुपोषित असलेलं मूल दगावण्याची भीती वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे मिळतं. दुकानातून आणून स्वतः पाजू नका, जादा झालं तर तेही बाधतं.

ताप उतरवल्याने गोवर ‘आत जात’ नाही. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या: किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. अंग कोमट पाण्याने पुसा, आंघोळ घातली तरी चालते. कडुलिंब दाराला राहू दे, त्याने कुणाचं वाईट होत नाही आणि ‘या घरात आजारी मूल आहे, आत येऊ नका’ हे गल्लीला कळतं. मनुकांचं पाणीही ठीक. पण फोडणी बंदच्या नावाखाली मुलाला आठ दिवस नुसत्या पेजेवर ठेवू नका. गोवरानंतर जुलाब लागतात, वजन उतरतं, तेव्हा वरण-भातावर तूप हवं, अंडं चालत असेल तर अंडं हवं, अंगावरचं दूध तर कधीच तोडायचं नाही.

काळजीची खूण श्वास. मूल झोपलेलं असताना सदरा वर करा, घड्याळ हातात घ्या आणि पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, चूक होते. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा पन्नास किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा त्याहून जास्त भरला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर न्यूमोनिया समजा आणि निघा. पुरळ पायांपर्यंत उतरल्यावर ताप ओसरायला हवा. तो ओसरला नाही, किंवा ओसरून परत चढला, तरी निघा. झटका आला, मूल गुंगीत गेलं, तोंडातल्या चट्ट्यांमुळे पाणीसुद्धा घेईना, तरीही.

मोठ्या मुलीचं कार्ड बघा. नऊ महिन्यांना एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, अशा एमआरच्या, म्हणजे गोवर-रुबेलाच्या, दोन लसी झाल्या असतील तर निर्धास्त राहा. एकच झाली असेल तर आजच उरलेली द्या. संपर्कानंतर ७२ तासांत दिलेली लस आजार टाळू शकते. गोवरचं मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून आणि नंतर चार दिवस आजार पसरवतं, त्यामुळे घरातल्या घरात ती वेळ बहुधा टळून गेलेली असते. तरी लस द्यायचीच, ही साथ एका घरापुरती थांबत नाही. आणि बाळ बरं झाल्यावर महिन्याभराने त्यालाही एमआर द्या. गोवर होऊन गेला तरी त्या लसीतला रुबेला उरतोच.

शेवटचं, आशाताईंना सांगा. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद आरोग्य खात्याला हवी असते. ते रक्ताचा नमुना नेतात, पैसे पडत नाहीत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला आणि तिकडे भिवंडी-मालेगावात मुलं गोवराने दगावू लागली, तेव्हा आधी कोविडच्या दोन वर्षांत कुठे किती लसी राहिल्या त्याचा हिशेब पुढे आला. त्या वेळी साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाहीतर बाळंतपणाला माहेरी गेलेल्या आईच्या बाळाची लस तिथल्या उपकेंद्रातही मिळते, हे मात्र अजून कित्येकींना माहीत नाही.

आम्ही दोघं आयटीत आहोत. मुलीला सगळ्या लसी देण्याऐवजी गोवर-कांजिण्यांसारखे आजार नैसर्गिकपणे होऊन गेले तर प्रतिकारशक्ती जास्त पक्की होते असं वाचलं. आमच्या आईवडिलांना झालेच होते, त्यांना काय झालं? शिवाय ऑटिझमची भीती वाटते. — एक बाबा, पुणे

तुमच्या आईवडिलांना काही झालं नाही, कारण ज्यांना झालं ते आजी-आजोबा व्हायला उरले नाहीत. थोडं तिखट लिहिलं, पण आजीला विचारा त्यांच्या वेळी घरोघरी किती पाळणे रिकामे झाले.

गोवराची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते, हे खरं. तिची किंमत बघा. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. *इतर* आजारांविरुद्ध त्या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. शरीराने आधी शिकलेलं गोवर विसरायला लावतो. म्हणून गोवरातून उठलेलं मूल पुढे महिनोन् महिने न्यूमोनिया, जुलाब यांनी पुन्हा पुन्हा आडवं होतं. जुन्या बायका ‘गोवर झाला तेव्हापासून पोर सुकलं’ म्हणायच्या, त्यामागे हे आहे.

आणखी एक आजार आहे, त्याला एसएसपीई म्हणतात. गोवर बरा होतो, मूल शाळेत जातं, सगळे विसरतात. सात-आठ-दहा वर्षांनी वर्गातला नंबर घसरतो, अक्षर बिघडतं. मास्तर म्हणतात लक्ष नाही. मग जेवताना हातातली वाटी सुटते, अंगाला बारीक हिसके बसतात, चालता चालता मूल पडतं. विषाणू तोवर मेंदूत बसलेला असतो. हा आजार विरळा आहे, पण त्यातून मूल परत येत नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांत त्याचा धोका जास्त. मी अशी मुलं पाहिली आहेत आणि त्यांच्या आयांना ‘लहानपणी गोवर झाला होता का’ हा प्रश्न विचारलाय. उत्तर देताना त्यांना सुरुवातीला त्याचा संबंधच कळत नाही.

गोवराच्या लसीने ऑटिझम होतो या भीतीचं मूळ १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात आहे. नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांची ब्रिटनमधली डॉक्टरकीची नोंदणी त्याच वर्षी रद्द झाली. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. तुम्ही कोड तपासल्याशिवाय पुढे पाठवत नसाल, मग हेही तपासा.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचा घसा दुखत होता, ताप बेताचाच. टॉन्सिल म्हणून चार-पाच दिवस गोळ्या झाल्या. मग मान सुजली, आवाज बसला, नाकातून रक्तमिश्रित पाणी येऊ लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर घटसर्प म्हणाले. मुलगी वाचली, अजून दवाखान्यात आहे. वर्गातल्या बाकी मुलांचं काय? आणि हे आधी ओळखता आलं असतं का? — एक बाई, जालना जिल्हा

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घटसर्प म्हणजे लहान बाळांचा आजार, हे आता खरं राहिलेलं नाही. हल्ली तो पाच वर्षांपुढच्या, अगदी तुमच्या चौथी-सातवीच्या मुलांत जास्त सापडतो. बाळपणी दिलेल्या पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, तीन डोसांचा जोर वर्षांनी ओसरतो. तो टिकवायला दीड वर्षाला आणि पाच-सहा वर्षांना डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प). दीड वर्षापर्यंत आया उत्साहाने येतात. पाच वर्षांचं बूस्टर आठवणारं घर विरळा, कारण तोवर मूल शाळेत गेलेलं असतं आणि कार्ड ट्रंकेत.

आधी ओळखता आलं असतं का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसा नीट बघितला असता तर, बऱ्याचदा हो. बघायचं कसं ते सांगते. मुलाला दाराशी, उजेडाकडे तोंड करून बसवा. स्टीलच्या चमच्याचा दांडा जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावर दाबा, फार मागे नेला तर उलटी होईल. ‘आ’ म्हणायला सांगा आणि टॉर्च मारा. साध्या टॉन्सिलमध्ये लाल सूज असते, त्यावर पिवळट-पांढरे ठिपके असले तरी ते टॉन्सिलवरच राहतात. घटसर्पात राखाडी, मळकट पापुद्रा असतो, आणि तो टॉन्सिलची हद्द ओलांडून पडजिभेवर, टाळूवर सरकलेला असतो. तो चिकटून बसतो, ओढला तर रक्त येतं. म्हणून ओढू नका, खरवडू नका, फक्त बघा. तोंडाला विशिष्ट कुजकट वास येतो. ताप फसवा असतो, शंभर-एकशेएक. पण मूल तापाच्या मानाने फारच निस्तेज दिसतं. ताप थोडा आणि मूल जास्त आजारी, हे दिसलं की मला बसवत नाही.

घाई का, तर हा जंतू घशात बसून विष सोडतो आणि ते विष रक्तातून हृदयावर आणि मज्जातंतूंवर जातं. त्यावरचा उतारा घोड्याच्या रक्तातून बनवलेला प्रतिविषाचा डोस. शोध जुना आहे, एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ चं वैद्यकातलं पहिलं नोबेल त्यावरच मिळालं. पण ते प्रतिविष मोकळ्या फिरणाऱ्या विषालाच पकडतं. पेशींत शिरलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. म्हणून संशय आला की घशाचा नमुना घ्यायचा आणि अहवालाची वाट न बघता उतारा द्यायचा. तो तालुक्याला नसतो, म्हणून रेफर करायचा निर्णय पहिल्या डॉक्टरने लवकर घ्यायला हवा. नुसत्या अँटिबायोटिकने जंतू मरतो, विष उरतं.

तुमची विद्यार्थिनी घरी आल्यावर तिला पळू-खेळू देऊ नका, जिना चढायला लावू नका, कवायतीला उभी करू नका. घसा बरा झाल्यावरही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदय दगा देऊ शकतं. पाणी पिताना नाकातून यायला लागलं, बोलणं नाकात येऊ लागलं, वाचताना अक्षरं अंधूक दिसायला लागली, तर मज्जातंतूंवर परिणाम आहे, लगेच परत न्या. यातलं बरंचसं हळूहळू भरून येतं, धीर सोडू नका.

बाकी वर्गासाठी आरोग्य केंद्राला लेखी कळवा. घरच्यांचे आणि एका बाकावर बसणाऱ्या मुलांचे घशाचे नमुने, प्रतिबंधक अँटिबायोटिक आणि वयाप्रमाणे राहिलेली लस हे तीनही त्यांना करायचं आहे. आठवडाभर रोज हजेरीच्या वेळी ‘कुणाचा घसा दुखतोय’ विचारा. हात वर करणाऱ्याला घरी नव्हे, दवाखान्यात पाठवा.

आमच्या म्हशीला घटसर्प झाला होता. मुलगा तिच्या अंगाखांद्यावर खेळतो. त्याला होईल का? आम्ही जनावरांना पावसाळ्यापूर्वी लस देतो, या वेळी राहिली. — एक शेतकरी, सांगोला

भाऊ, नाव एक, आजार दोन. जनावरांचा घटसर्प पाश्चुरेला नावाच्या जंतूने होतो, मुलांचा वेगळ्या जंतूने. म्हशीचा मुलाला होत नाही. पण फऱ्या-घटसर्पाची लस जनावरांना पावसाळ्याआधी द्यायची हे तुम्हाला तोंडपाठ आहे, तर मुलाचं पाच वर्षांचं बूस्टर झालंय का तेही आज बघा.

नात दोन महिन्यांची. तिला खोकल्याची उबळ येते, तोंड लाल-निळं होतं, कधी श्वासच थांबल्यासारखा वाटतो, मग दमून झोपते. मधल्या वेळात एकदम छान असते. खोकताना ‘हूप’ असा आवाज येत नाही, म्हणून डांग्या नाही असं शेजारचे म्हणतात. मलाच महिन्यापासून खोकला आहे. मध आणि सितोपलादि चाटवतो आहोत. — एक आजोबा, सातारा

आजोबा, हे वाचताय त्याआधी तुम्ही बाळाला दवाखान्यात नेलं असेल अशी आशा आहे. संपादकांनी तुमचा नंबर शोधून निरोप दिला आहे. तोंड निळं होणं, श्वास थांबणं हे दाखल करण्याचं कारण आहे, पत्र लिहिण्याचं नाही.

शेजाऱ्यांना सांगा, उबळ संपल्यावर जोरात श्वास ओढताना येणारा तो लांब घोगरा आवाज मोठ्या मुलांचा. तान्ह्या बाळाच्या छातीत तेवढा जोर नसतो. ते आवाज न करता श्वास धरतं, आणि म्हणूनच सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत हा आजार सगळ्यात घातक. उबळीनंतर उलटी होणं आणि मधल्या वेळात मूल ठणठणीत दिसणं या दोन खुणा. डॉक्टरकडे नेलं की नेमकी तेव्हा उबळ येत नाही आणि ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात. त्यावर उपाय मोबाइल: पुढच्या उबळीचं चित्रीकरण करा आणि दाखवा.

मध ताबडतोब बंद. वर्षाच्या आत कुठल्याही बाळाला मध द्यायचा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. खोकल्याची सिरपंही नकोत.

आणि तुमचा खोकला. बाळाला हा आजार बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून येतो, ज्याला तो ‘जुना खोकला’ वाटतो. तुम्ही डॉक्टरांना दाखवा, अँटिबायोटिक घ्या, आणि दोन आठवड्यांवरचा कुठलाही खोकला असला की थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्यायची, ती करा. तोवर बाळाच्या खोलीत जाऊ नका. कठीण आहे, माहीत आहे.

पहिली पेंटा दीड महिन्याला असते, तोवर बाळ उघडंच. ते झाकायचं तर आईला गरोदरपणी सातव्या ते नवव्या महिन्यात, म्हणजे २७ ते ३६ आठवड्यांत, टीडॅप ही लस द्यायची. सरकारी केंद्रात गरोदर बायकांना टीडी मिळते, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नाही. टीडॅप सध्या खाजगीत विकत घ्यावी लागते. परवडत असेल तर बारशाच्या खर्चातून तेवढे बाजूला काढा.

सातवीतल्या मुलाचे दोन्ही गाल फुगले आहेत. आंबेहळद आणि गेरूचा लेप लावतोय. चाचणी परीक्षा बुडवावी लागेल का? लसी सगळ्या सरकारी दवाखान्यात वेळेवर घेतल्या, मग कसं झालं? — एक आई, कोल्हापूर

गालगुंड. कानाच्या पाळीखाली सूज येऊन पाळी वर उचलल्यासारखी दिसते आणि लोणच्याची फोड तोंडात घेतली की कळ येते. सूज आल्यापासून पाच दिवस शाळा नको, परीक्षाही नको. लेपाने थंड वाटत असेल तर लावा. अँटिबायोटिक नको. फार डोकं दुखणं, मान ताठ होणं, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, किंवा एका कानाने कमी ऐकू येणं, यातलं काही झालं तर दाखवा. मुलगा वयात येतोय, म्हणून अंडकोषात दुखलं-सुजलं तर लगेच सांग, असं त्याच्या बाबांनी त्याला सांगावं. तो तुम्हाला सांगणार नाही.

लस घेऊनही झालं, कारण सरकारी एमआरमध्ये गालगुंडाचा भाग नाही. तो खाजगीतल्या एमएमआरमध्ये असतो. माझ्या मते तो सरकारी यादीत यायला हवा, बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं तेच म्हणतायत.

मुलगा-सून कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. डिसेंबरात नातवाचं जावळ काढायला पुण्याला येणार, तेव्हा तो आठ महिन्यांचा असेल. तिकडे गोवरची लस वर्षाला देतात म्हणे. इकडे गोवर आहे, तर येऊ देऊ का? मुलाचा जन्म १९९१ चा, त्याला लहानपणी लस दिली होती. आणि मलाही घ्यायला हवी का? — एक आजी, पुणे

आजी, ‘इकडे गोवर आहे’ एवढंच नाही, तिकडेही आहे. १९९८ पासून गोवरमुक्त असलेल्या कॅनडाने तो दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. त्याच वर्षी टेक्सासच्या साथीत ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली. गोवर विमानानेही येतो-जातो. खोकणारा माणूस खोली सोडून गेल्यावरही दोन तास विषाणू तिथल्या हवेत राहतो.

नातवाला येऊ द्या. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला परदेशप्रवासाआधी तिकडे एक लवकरचा डोस देतात. सुनेला म्हणावं, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घे. तो हिशेबात धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन डोस ठरल्याप्रमाणे द्यायचेच. जावळाला माणसं बेताची बोलवा आणि सर्दी-खोकलावाल्याला बाळ हातात देऊ नका, मग तो सख्खा मामा का असेना.

मुलाचं मात्र बघायला हवं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवरची लस १९८५ पासून आली, पण दुसरा डोस २०१० नंतर. म्हणजे त्याच्या पिढीतल्या बहुतेकांना नऊ महिन्यांचा एकच डोस मिळालाय, आणि त्या वयात दिलेला एक डोस शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशींनाच लागू पडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात झालेली एमआरची मोठी मोहीम पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची होती, तीही त्याच्या वाट्याला आली नाही. त्याने तिथेच एमएमआर घ्यावी. सुनेनेही, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून.

तुम्हाला नको. तुमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला लहानपणी गोवर होऊन गेलाय. फ्लूची मात्र घ्या, ती नातू यायच्या दोन आठवडे आधी.